चिखल पुसावा की नाही?

आमच्या देवरीत गोल्फचे मैदान नाही. धानाच्या बांध्या आहेत; हिरवळ आणि पाण्याचे खड्डे दोन्ही मुबलक, पण त्यावर कोणी वर्गणी घेत नाही. तरी देवरीवरून जाणारा जुना सहा नंबरचा रस्ता थेट कलकत्त्याला पोचायचा, आणि तिथे १८२९ पासून गोल्फचा क्लब आहे. एवढ्या सोयरिकीवर मी या खेळात नाक खुपसतो. (काठीलाही क्लब म्हणतात आणि ती घेऊन जायच्या जागेलाही. साहेबाला शब्द कमी पडले असावेत.)

प्रश्न असा, की डाव चालू असताना काठीचा चिखल पुसला तर ती लबाडी का? काठीच्या तोंडावर बारीक खाचा असतात. त्यांत माती भरली की चेंडूला फिरकी नीट बसत नाही, पुसली की बसते. म्हणजे फायदा होतोच की! तरी नियम म्हणतो, खुशाल पुसा. मात्र तोंडाला मुद्दाम काही फासलेत, किंवा खाचा कोरून खोल केल्यात आणि त्या काठीने फटका मारलात, तर स्पर्धेतून बाद.

आमच्याकडे बांध घालणारा गडी फावड्याचा चिखल खरवडतो, तेव्हा सकाळी घरून आणलेले फावडेच त्याला परत मिळते. कानस घेऊन धार काढत बसला, तर ते सकाळचे फावडे राहत नाही. नियमाला एवढेच म्हणायचे आहे.

मग चेंडूचे काय? तोच चिखल चेंडूला लागला, तर तो सहसा पडला तिथून, तसाच मारावा लागतो. भोकाभोवतीच्या हिरवळीवर पोचलात, की उचलून पुसा. काठी आपली करणी आणि चेंडू आपले प्रारब्ध, असा काहीसा हिशेब दिसतो.

क्रिकेटमध्ये चेंडू दोन्ही बाजूंचा, म्हणून तिथे पुसायलाही साक्षीदार लागतो. नोव्हेंबर २००१ मध्ये पोर्ट एलिझाबेथच्या कसोटीत सचिन तेंडुलकरने शिवणीतले गवत काढले, आणि सामनाधिकारी माइक डेनेस यांनी त्याला शिक्षा ठोठावली. देशभर गहजब झाला. पुढे खुलासा आला, की ठपका चेंडू बिघडवल्याचा नव्हता, पंचांच्या देखरेखीशिवाय साफ केल्याचा होता. खुलाशाने आपल्याकडे कोणाचे समाधान झाले नाही, ते सोडा.

गोल्फवाल्याच्या मागे बहुधा पंच फिरत नाही. टॉवेल त्याचा, काठी त्याची. टॉवेलला पाण्याखेरीज आणखी काही लावले आहे का, हे फार तर त्याच्या १४ काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या पोराला ठाऊक. आणि त्याला कोणी विचारत नाही.