चूक कोणाची?

रस्ता ओलांडताना कुणी गेलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: चूक कोणाची? मोबाइलवर बोलत होता, पूल असताना खालून गेला, वगैरे. मला हा प्रश्नच खटकतो. समजा, चूक त्याचीच होती. पण चुकीची शिक्षा मरण, हे कुणी ठरवलं?

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये ‘व्हिजन झीरो’ हे धोरण स्वीकारलं. त्यामागचा विचार साधा आहे: माणूस चुकणारच, ती चूक जिवावर बेतू नये असा रस्ता बांधणं, हे बांधणाऱ्याचं काम. ताशी ३० किलोमीटरने धडक बसलेला पादचारी बहुतेकदा वाचतो. वेग ५० झाला की धोका कितीतरी पटींनी वाढतो. म्हणजे वेगमर्यादा ठरवणारा, कोण जगेल हेही ठरवत असतो.

आपण उलटं केलं. मुंबईत स्कायवॉक उभारले. गाडीला ब्रेक दाबावा लागू नये म्हणून गुडघे दुखणाऱ्या आजींनी जिने चढायचे. (नाही चढल्या, तर चूक आजींची!) गाड्यांचा वेळ वाचतो, मान्य. पण तो आजींच्या गुडघ्यांतून वसूल होतो. खालीच सिग्नल आणि नीट क्रॉसिंग मागितलं की उत्तर येतं, ‘ट्रॅफिक तुंबेल.’ तुंबू दे की थोडं.