सारखेपणा म्हणजे नाते नव्हे

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात समुद्रपक्ष्याचा जीवाश्म सापडणार नाही, हे कुदळ न मारताच सांगता येते. डोंगरगड पट्ट्यातला इथला खडक दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. पक्ष्यांच्या कुळातला सर्वांत जुना म्हणून ओळखला जाणारा आर्किऑप्टेरिक्स जेमतेम १५ कोटी वर्षांपूर्वीचा. शिवाय समुद्र शेकडो किलोमीटर दूर. तरीही नामशेष समुद्रपक्ष्यांचे वर्गीकरण हा विषय इथल्या माणसाला परका नाही. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या काठी पंख पसरून उन्हात बसणारा पाणकावळा ज्या गणातला, त्याच गणात गॅनेटसारखे खुल्या समुद्रावर जगणारे पक्षीही येतात. नात्याची ही गाठ वरवर पाहून कळत नाही, ती शोधावी लागते.

शोधावी लागते, कारण डोळा सारखेपणाला लगेच भुलतो. हिवाळ्यात बदकांच्या थव्याजवळ तरंगणारा काळा चांदवा पाहून त्याला बदकच समजणारे पुष्कळ. पण त्याच्या बोटांना जोडणारा पडदा नसतो, प्रत्येक बोटाला वेगवेगळी झालर असते. तो पाणकोंबडीच्या कुळातला. एकाच पाण्याने दोन कुळांना एकसारखे वळण लावले, एवढेच. जिवंत पक्ष्याच्या बाबतीत शंका आली तर पिल्लू, आवाज, रक्त सगळे तपासता येते. कोट्यवधी वर्षांपूर्वी संपलेल्या पक्ष्याचे मात्र हाडच उरते, आणि तेही बहुधा तुटलेले.

सगळी हाडे सारखी बोलकी नसतात. १८५९ मध्ये टी. एच. हक्सले यांनी न्यूझीलंडमध्ये मिळालेल्या पायाच्या एकाच हाडावरून नामशेष पेंग्विनची पहिली जाती वर्णन केली. पक्ष्यांच्या पायात घोट्याखालची हाडे एकजीव होऊन एक दांडा बनतो. पेंग्विनमध्ये तो आखूड आणि रुंद असतो, आणि मूळच्या तीन हाडांमधल्या खाचा त्यावर स्पष्ट दिसतात. ही घडण इतकी वेगळी की एका हाडावर भागले. तेच एखादे बोटाचे पेर हाती आले असते, तर कदाचित कुळापर्यंतही पोहोचता आले नसते. म्हणून किती हाडे मिळाली यापेक्षा कोणते हाड मिळाले, हा प्रश्न मोठा ठरतो.

खरी कसोटी लागली ती उत्तर पॅसिफिकच्या एका पक्षिकुळापाशी. १९६९ मध्ये हिल्डेगार्ड हॉवर्ड यांनी कॅलिफोर्नियातल्या खांद्याच्या एका तुटक्या हाडावरून प्लॉटोप्टेरम हे नाव दिले. पुढे जपान आणि अमेरिका, दोन्ही किनाऱ्यांवर या कुळाची हाडे मिळत गेली. हे पक्षी उडत नव्हते. त्यांचे पंख वल्ह्यासारखे चपटे होते, आणि काही तर सुमारे दोन मीटर लांबीचे होते. कोणीही पेंग्विनच म्हणेल. पण १९७९ मध्ये स्टॉर्स ओल्सन आणि योशिकाझू हासेगावा यांनी मांडले की पंख पेंग्विनसारखे असले, तरी उरलेल्या सांगाड्याच्या खुणा गॅनेट आणि पाणकावळ्यांकडे नेतात. पंखांनी पाणी कापत पोहण्याच्या गरजेने दोन कुळांत एकच आकार दोनदा घडला. २०१४ मध्ये जपानी संशोधकांनी कवटीच्या पोकळीवरून या पक्ष्यांच्या मेंदूचा आकार काढला, तेव्हा तो पेंग्विनशी मिळताजुळता निघाला आणि वाद पुन्हा जागा झाला. बहुतेक अभ्यासक आजही पाणकावळ्यांच्याच बाजूने आहेत, पण विरुद्ध पुरावा कोणी दडवून ठेवलेला नाही.

विदर्भाने हाच धडा डायनोसॉरच्या हाडांतून घेतला आहे. १८७७ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी जबलपूरच्या शेपटीच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस ही जाती मांडली. पुढून खोलगट आणि मागून गोलसर मणके ही त्या वेळी विलक्षण खूण वाटली. त्यानंतर जगभर असेच मणके असलेले अनेक डायनोसॉर मिळाले आणि ती खूण एका जातीची राहिली नाही, मोठ्या समूहाची झाली. दरम्यान चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावचा बऱ्यापैकी संपूर्ण सांगाडा १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय यांनी टायटॅनोसॉरस कोलबर्टी या नावाने वर्णन केला. २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी दाखवले की जबलपूरच्या मणक्यांवर वेगळी जाती उभी राहत नाही. मग डोंगरगावच्या प्राण्याला इसिसॉरस हे स्वतंत्र नाव मिळाले. हाडे तीच राहिली, त्यांचे नाते नव्याने वाचले गेले.

मला यात विज्ञानाची सचोटी दिसते. वर्गीकरण म्हणजे कप्प्यांत चिठ्ठ्या चिकटवणे, असा समज शाळेपासून रुजतो. प्रत्यक्षात प्रत्येक नाव हा नात्याचा दावा असतो, आणि तो कोणत्या खुणेवर उभा आहे हे जाहीर सांगावे लागते. ती खूण एकाच पूर्वजाकडून आलेली आहे, की सारख्या जगण्यामुळे दोनदा घडलेली? ती याच जातीची आहे, की सगळ्या गोतावळ्याची? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय केलेली ओळख घाईची ठरते. माणसांविषयी मत बनवतानाही हे दोन प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

हे प्रश्न विचारायला साधनही लागते. तुटके हाड ओळखायचे तर शेजारी ठेवायला आजच्या पक्ष्यांचे सांगाडे हवेत. जगभरच्या संग्रहांत कातडी पुष्कळ आहेत, सांगाडे त्या मानाने फार थोडे. गोंदिया-भंडाऱ्याच्या तलावांवर पाणकावळे, चांदवे, बदके नैसर्गिकपणे मरतात. वनविभागाच्या परवानगीने त्यांतले काही सांगाडे ठिकाण आणि तारीख नोंदवून इथल्या महाविद्यालयांत जपले, तर विद्यार्थी पुस्तकातल्या चित्राऐवजी हाड हातात घेऊन नाते शोधायला शिकतील.

डोंगरगावची हाडे नीट जपली गेली म्हणूनच त्यांचे नाव दुरुस्त होऊ शकले. ज्याला नाव द्यायचे आहे, त्याने ते उद्या चुकीचे ठरू शकते हे मान्य करावे, आणि ते तपासता यावे म्हणून हाड पुढच्या पिढीच्या हाती शाबूत पोहोचवावे.