राग कोणाला परवडतो?

मारणे आणि हिंसा करणे, या दोन गोष्टी एकच आहेत का?

अहिंसेचा विषय निघाला की हा प्रश्न कधी ना कधी येतोच. मग बहुधा शल्यविशारदाचे उदाहरण दिले जाते. तोही शरीर कापतो, पण बरे करण्यासाठी. हे उदाहरण खरे असले तरी सोपे आहे, कारण तिथे रुग्णाचे भलेच साधायचे असते. आज आपण एक अवघड उदाहरण घेऊया. समोरच्या माणसाला ठोसा मारणे हेच जिथे काम आहे, तिथे अहिंसेचा विचार कसा करायचा?

दिल्लीतील दहा फेऱ्या

१६ जुलै २०१६ रोजी नवी दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये विजेंदर सिंग आणि केरी होप यांच्यात व्यावसायिक बॉक्सिंगचा सामना झाला. विजेंदर हरियाणातील भिवानीजवळच्या कालुवास गावचा. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिडलवेट गटात त्याने कांस्यपदक मिळवले आणि बॉक्सिंगमध्ये ऑलिंपिक पदक जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. होप हा वेल्समध्ये जन्मलेला आणि एकेकाळी युरोपचा मिडलवेट विजेता असलेला अनुभवी खेळाडू. दिल्लीचा सामना मिडलवेटच्या वरच्या, म्हणजे सुपर मिडलवेट गटात होता. पणाला होता डब्ल्यूबीओ या संस्थेचा आशिया पॅसिफिक विजेतेपदाचा पट्टा.

त्याआधीचे सहाही व्यावसायिक सामने विजेंदरने निर्धारित फेऱ्या संपण्यापूर्वीच जिंकले होते. होप मात्र शेवटपर्यंत उभा राहिला. तीन-तीन मिनिटांच्या दहा फेऱ्या पूर्ण झाल्या आणि निकाल गुणांवर लागला. एका पंचाने १००-९० आणि दोघांनी ९८-९२ असे गुण विजेंदरच्या बाजूने दिले होते.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी, त्यामुळे आकडे दिसले की त्यांची फोड करून पाहण्याची सवय आहे. साधारणपणे फेरी जिंकणाऱ्याला दहा गुण आणि हरणाऱ्याला नऊ गुण मिळतात. म्हणजे १००-९० या आकड्यामागे जिंकलेल्या दहा फेऱ्या आहेत, तर ९८-९२ मागे आठ जिंकलेल्या आणि दोन गमावलेल्या. स्वच्छ, अंदाजाने केलेल्या ठोशांना तिथे किंमत आहे. किती त्वेषाने मारले, याचा रकाना त्या गुणपत्रिकेत नाही.

इथे थोडे थांबून विचार करा. रागावलेला मुष्टियोद्धा काय करतो? तो हात जास्त लांबवर फिरवतो, हनुवटी उघडी टाकतो, श्वास रोखून धरतो आणि पुढच्या फेरीसाठी लागणारी शक्ती याच फेरीत उधळतो. रागाची किंमत त्याला पुढच्याच क्षणी, स्वतःच्या चेहऱ्यावर चुकवावी लागते. म्हणून रिंगमध्ये उतरणारा माणूस वर्षानुवर्षे ठोशाइतकाच शांत राहण्याचाही सराव करतो. राग त्याला परवडत नाही.

खुर्चीतला राग

मग राग परवडतो कोणाला? खुर्चीत बसलेल्याला.

प्रेक्षकाला ठोसा बसणार नसतो. त्याची हनुवटी सुरक्षित असते. "मार, फोड त्याला" असे तो ओरडतो तेव्हा समोरच्या खेळाडूचे नावही त्याला कदाचित नीट ठाऊक नसते. रिंगमधले दोघे सामन्यापूर्वी ग्लोव्हज भिडवून अभिवादन करतात आणि शेवटची घंटा झाली की बहुधा एकमेकांना मिठी मारतात. प्रेक्षक मात्र तो राग घरी घेऊन जातो.

हिंसा हातात असते की मनात, असे आपण नेहमी विचारतो. मला वाटते, त्याला जोडून आणखी एक प्रश्न विचारायला हवा: या रागाची किंमत कोण चुकवतो आहे? जो राग आपल्याला फुकट मिळतो, तो सर्वांत वेगाने वाढतो. घरात लहानांवर निघणारा, कार्यालयात हाताखालच्या माणसावर निघणारा, मोबाईलवर अनोळखी माणसाला उद्देशून टाइप केलेला राग असा फुकटातला असतो. तिथे समोरून ठोसा येण्याची भीती नसते. आपण कधी कोणाला बोटही लावलेले नसेल, तरी आपल्या खात्यावर अशी हिंसा जमा होत राहते.

कमरेखाली नाही

आपल्याकडे तांबड्या मातीत उतरणारा पैलवान आधी मातीला नमस्कार करतो, मग प्रतिस्पर्ध्याच्या हातात हात देतो. झुंज जिंकण्यासाठीच असते, पण ती एका मर्यादेत असते. बॉक्सिंगमध्येही कमरेखाली ठोसा नाही, डोक्याच्या मागच्या बाजूला नाही, आणि खाली पडलेल्यावर तर मुळीच नाही.

महाभारतातील भीम आणि दुर्योधन यांचे गदायुद्ध आपल्याला ठाऊक आहे. नाभीखाली प्रहार करायचा नाही, हा नियम दोघांनाही माहीत होता. तरीही भीमाने मांडीवर गदा मारली. त्यामागे द्रौपदीच्या अपमानाची आठवण होती, प्रतिज्ञा होती, श्रीकृष्णाची संमतीही होती. इतके सगळे असूनही बलराम संतापले. महाभारताने त्यांचा आक्षेप झाकून ठेवलेला नाही. कारण योग्य असले म्हणून मर्यादा मोडल्याचा प्रश्न आपोआप मिटत नाही, हे त्यातून आपल्यापर्यंत पोहोचते.

५ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये विजेंदरची गाठ चीनच्या झुल्पिकार मैमैतिअलीशी पडली. डोकलाममध्ये तेव्हा भारत आणि चीनचे सैनिक समोरासमोर उभे होते. सामन्याआधी शाब्दिक टोलेबाजी झाली होती, आणि सामन्यात विजेंदरला कमरेखालचे ठोसेही बसले. लढत चुरशीची झाली. ९६-९३, ९५-९४, ९५-९४ अशा गुणांनी विजेंदर जिंकला.

आणि जिंकल्यानंतर, सीमेवर तणाव नको, शांतता हवी, असे सांगत त्याने पट्टा झुल्पिकारला परत देण्याची तयारी दाखवली.

विजय नोंदींमध्ये आजही विजेंदरच्याच नावावर आहे. पण त्याची ही कृती मला मोलाची वाटते. पूर्ण ताकदीने लढायचे, पण मिळालेल्या फळाने दुसऱ्या देशाच्या माणसांना कमी लेखायचे नाही. खुर्चीतल्या अनेकांना हा सामना दोन देशांचे युद्ध वाटत होता. ज्याने प्रत्यक्ष ठोसे खाल्ले, त्यानेच तो खेळापुरता ठेवला.

राग नाही, एवढे पुरे आहे का?

इथेच लेख थांबवला तर तो गोड होईल, पण अपुरा राहील. मनात द्वेष नसला तरी ठोसा लागतोच. मेंदूला तुमचा हेतू कळत नाही.

२१ सप्टेंबर १९९१ रोजी लंडनमध्ये याच सुपर मिडलवेट गटाच्या डब्ल्यूबीओ जागतिक विजेतेपदासाठी ख्रिस यूबँक आणि मायकल वॉटसन लढले. बाराव्या फेरीत सामना थांबवावा लागला आणि वॉटसन कोसळला. तो चाळीस दिवस कोमात होता. त्याच्या मेंदूवर सहा शस्त्रक्रिया झाल्या. पुढे त्याने ब्रिटनमधील बॉक्सिंगच्या नियामक संस्थेविरुद्ध दावा लावला आणि तो जिंकला. रिंगजवळ तातडीच्या उपचारांची योग्य व्यवस्था असायला हवी होती, हे न्यायालयाने मान्य केले. २००३ मध्ये वॉटसनने लंडन मॅरेथॉनचे अंतर सहा दिवस चालून पूर्ण केले. अखेरच्या टप्प्यात त्याच्या सोबत यूबँक चालत होता.

या खेळाला मुळातच थारा देऊ नये, असे मानणारे विचारी लोक आहेत. त्यांचे म्हणणे हलके नाही. दोघांनी आपखुशीने हा धोका पत्करलेला असतो, हे उत्तर मला अर्धेच वाटते. कारण तिकीट काढणारा, सामना भरवणारा आणि टीव्हीसमोर बसणारा, हे सारे त्या धोक्यात भागीदार आहेत. नफ्यात भागीदार असलेल्याला तोट्याची जबाबदारी टाळता येत नाही. द्वेष नसणे ही अहिंसेची पहिली पायरी झाली. पडलेल्याची काळजी घेण्याची व्यवस्था आधीच करून ठेवणे आणि नंतर त्याच्या सोबत चालणे, ही पुढची.

आपल्यापैकी बहुतेकजण कधी रिंगमध्ये उतरणार नाहीत. पण झुंज कोणाला चुकली आहे? वाटणीचा वाद असतो, नोकरीतील स्पर्धा असते, कधी कठोर शब्दांत सत्य सांगण्याची वेळ येते. अशा वेळी माघार घेणे म्हणजे अहिंसा नव्हे. ठामपणे उभे राहावे, आणि तीन गोष्टी स्वतःला विचाराव्यात. हा राग मी करतो आहे, कारण तो मला फुकट मिळतो आहे का? हरण्याची वेळ आली तरी मी कमरेखाली मारणार नाही ना? आणि माझ्यामुळे कोणी पडलेच, तर त्याला उठवायला मी थांबणार आहे का?

आज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभरातील एक वाद आठवा आणि हे तीन प्रश्न त्याला लावून पाहा. पहिल्याच प्रश्नाशी अडखळायला झाले, तर उद्याच्या सरावाला तेवढे पुरेसे आहे.