बागवान जोतिबांचे स्मरण आणि आपल्या घरचे मरण



बावीस प्रतिज्ञा मोठ्याने म्हणणे कठीण नाही. देव्हाऱ्यातले टाक काढून तेथे तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा ठेवणे, हेही मन घट्ट केले म्हणजे जमते. नव्याने दीक्षा घेतलेल्या कुटुंबाची खरी परीक्षा पुढेच असते. घरात पहिले मरण होते, त्या दिवशी ती सुरू होते.

घरचा कर्ता पुरुष जातो. आयुष्यभर दुसऱ्याच्या मळ्यात पाणी धरणारा, संध्याकाळी धोतराच्या सोग्यात पोरांसाठी चार पेरू बांधून आणणारा, कधी कोणाला उणे न बोललेला बाप. प्रेत दारात असते आणि भावकी विचारू लागते : दहावा कोठे करायचा? मुंडण कोण करणार? पिंडाला कावळा शिवला नाही तर काय? पुढे भाद्रपद आला की पित्तरांचा प्रश्न. आई पदराआडून म्हणते, "बाबा, तुमचा धम्म खरा; पण त्यांचा जीव घुटमळला तर?" मुलगा गोंधळतो. सहावी प्रतिज्ञा सांगते की श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. समोर तर रडणारी आई आहे.

त्या माउलीला अडाणी म्हणून झिडकारणे हा धम्म नव्हे. तिच्या बोलण्यात दोन गोष्टी मिसळलेल्या आहेत, एक प्रेम आणि दुसरी भीती. भीती पुरोहितशाहीने घातली. प्रेम तिचे स्वतःचे आहे. आपल्याला भीती काढायची आहे आणि प्रेम राखायचे आहे. तांदळातले खडे काढताना तांदूळ कोणी फेकीत नाही.

असाच प्रश्न तथागतांपुढे आला होता. नालंदेला असिबंधकपुत्र नावाच्या ग्रामणीने त्यांना विचारले की, मंत्र म्हणून मेलेल्याला वर चढविणारे ब्राह्मण आहेत. आपणास हे करता येईल काय? तथागतांनी त्यालाच उलट विचारले. खोल डोहात मोठा धोंडा टाकला आणि काठावर लोक जमून हात जोडून त्याला वर येण्याची विनवणी करू लागले, तर धोंडा वर येईल काय? तुपाचा घडा पाण्यात फुटला, तर खापऱ्या तळाशी जातील आणि तूप वर येईल. त्या तुपाला "बूड, बूड" म्हणून कोणी कितीही आळविले तरी ते बुडेल काय? ग्रामणीला उत्तर मिळाले. माणसाने जे केले तेच त्याचे. दुसऱ्याच्या मंत्राने ते वाढत नाही आणि कावळ्याच्या चोचीने घटत नाही. शिवाय तथागतांनी आत्माच नाकारला आहे. मग घुटमळणार कोण?

मग बापाला विसरून जायचे काय? मुळीच नाही. राजगृहाच्या वेळुवनाजवळ सिगाल नावाचा गृहस्थपुत्र ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करीत होता. कारण विचारले तेव्हा म्हणाला, मरताना वडिलांनी तसे सांगितले. तथागतांनी त्याच्या पितृभक्तीची टर उडविली नाही. त्यांनी दिशांचा अर्थ बदलला. पूर्व दिशा म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे पत्नी आणि मुले, उत्तर म्हणजे स्नेही, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे, वरची म्हणजे श्रमण. मुलांची कर्तव्येही सांगितली : म्हाताऱ्या आईबापांना पोसावे, त्यांची कामे उचलावीत, कुळाची रीत राखावी, वारशाला पात्र व्हावे आणि ते गेल्यावर त्यांच्या स्मरणार्थ दान करावे. स्मरण धम्माला मान्य आहे. प्रश्न एवढाच की ते कोणत्या रीतीने करावे.

ती रीत पाहायची तर एका माळ्याच्या घरी जाऊ. बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर आणि जोतिबा फुले. यांतले जोतिबा हे जातीने आणि घरच्या धंद्याने माळी. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशवाईत फुले पुरविण्याचे काम घराण्याकडे आले म्हणून फुले हे आडनाव पडले. १८२७ साली जन्मलेला हा मुलगा शाळेतून काढून बापाने मळ्यावर घातला होता. शेजारचे गफार बेग मुन्शी आणि लिजिट साहेब यांनी गोविंदरावांची समजूत घातली, म्हणून १८४१ साली तो पुन्हा शाळेत गेला. त्या शेजाऱ्यांचे केवढे उपकार!

आपल्या नगर जिल्ह्याचाही या बागेला हात लागलेला आहे. १८४८ साली जोतिरावांनी नगरला मिस फरार यांची मुलींची शाळा पाहिली आणि त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंना प्रथम घरीच शिकविले. नवऱ्याने बायकोच्या हाती पाटी दिली, हा त्या काळी गुन्हाच होता. १८४९ साली वडिलांनी दोघांना घराबाहेर काढले. कुटुंबवत्सल माणूस म्हणजे भावकीच्या शब्दाबाहेर न जाणारा माणूस, अशी आपली समजूत असते. जोतिबांचे चरित्र ती पुसून टाकते. घर सोडावे लागले तरी पत्नीचा हात त्यांनी सोडला नाही.

त्यांना पोटचे मूल झाले नाही. दुसरे लग्न करण्याचा आग्रह झाला, तो मानला नाही. १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तेथे काशीबाई या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा १८७४ साली दत्तक घेतला आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. त्याआधी, १८६८ साली, आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. माळ्याला पाण्याची किंमत कळते. आपल्या आजोबा-पणजोबांना गावोगाव ओंजळीत वरून पाणी घ्यावे लागत होते, त्या काळातली ही गोष्ट आहे. पुण्याजवळ मांजरीला त्यांनी शेती केली, भाजीपाला आणि फळे पिकविली. १८८३ साली "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, तो अशा मातीत हात घातलेल्या माणसाने. १८८८ साली पक्षाघाताने उजवा हात गेला, तर डाव्या हाताने पुढचे पुस्तक लिहिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतिराव गेले. आता नीट ऐका, कारण येथे आपल्या घरचा प्रश्न आहे. अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरायचे यावरून भावकीने तंटा केला. दत्तक यशवंताला तो मान देण्यास ते तयार नव्हते. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या, टिटवे हाती घेतले आणि नवऱ्याच्या चितेला अग्नी दिला. बाईने स्मशानात जायचे नाही, या रूढीचे त्या दिवशी काय राहिले?

पुढे त्यांनी नवऱ्याचे स्मरण कसे केले? १८९३ साली सासवडला सत्यशोधक समाजाच्या परिषदेचे अध्यक्षपद भूषविले. १८९७ साली प्लेग आला. यशवंत डॉक्टर झाला होता. त्याने हडपसरजवळ दवाखाना घातला आणि सावित्रीबाई आजाऱ्यांना तेथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या आजारी मुलाला त्यांनी पाठीवर उचलून आणले. त्यात त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. घरचा हौद आपल्या लोकांना खुला करणारा नवरा आणि आपले लेकरू पाठीवर वाहणारी बायको. हे खरे श्राद्ध! याला भटजी लागला नाही आणि कावळाही लागला नाही.

कोणी म्हणेल, जोतिबा बौद्ध नव्हते. ते निर्मिकाला मानीत. खरे आहे. आपण निर्मिक मानीत नाही. पण मध्यस्थावाचून जगणे आणि मध्यस्थावाचून मरणे या मातीत प्रथम कोणी करून दाखविले, हे विसरून कसे चालेल? बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्रांविषयीचा आपला ग्रंथ जोतिबांना अर्पण केला. रमाई १९३५ साली गेल्या. पुढे पाकिस्तानवरील ग्रंथ बाबासाहेबांनी रमाईच्या स्मृतीला अर्पण केला. स्मरण कामात घालावे, हीच रीत येथेही दिसते. आणि बाबासाहेबांनाही बागेचा छंद होता. दिल्लीच्या बंगल्यात ते हौसेने झाडे-फुले जोपासत, असे त्यांच्या सहवासातल्या माणसांनी लिहून ठेवले आहे.

धम्मात माळ्याचे काम हलके नाही. कोमेजलेली फुले उचलून टाकणारा सुनीत संघात थेर झाला. बाग, वनराई, पूल, पाणपोई, विहीर आणि निवारा करणाऱ्याचे पुण्य रात्रंदिवस वाढते, असे तथागतांनी सांगितले आहे. सम्राट अशोकाने वाटसरूंच्या सावलीसाठी रस्त्यांवर वड लावले, आंबराया केल्या आणि तसे स्तंभावर कोरून ठेवले. झाड लावणारा गेला तरी सावली राहते, हे पुण्य वाढण्याचे साधे गणित आहे.

आता आपल्या घराकडे येऊ. जामखेड, खर्डा, नान्नज, अरणगाव या बाजूची किती कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात! मुकादमाची उचल अंगावर असते. त्यात तेराव्याचे जेवण घातले म्हणजे कर्ज दुप्पट होते आणि ते फेडण्यासाठी पोरगे शाळा सोडून कोयता घेते. मी शिक्षक आहे. हजेरीपटावरचे असे रिकामे रकाने मला दरवर्षी दिसतात. ज्या बापाने नातवाला शाळेत घातले, त्याच्याच नावाच्या जेवणावळीने नातवाची शाळा सुटावी, हे बापाचे स्मरण की बापाशी वैर?

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझे सांगणे आहे. मरण झाल्यावर भिक्खू किंवा बौद्धाचार्यांना बोलवा. त्रिसरण-पंचशील घ्या, पुण्यानुमोदन करा. गेलेल्या माणसाविषयी चार खरे शब्द घरच्यांनीच बोलावेत. मुलगी असेल तर तिनेही प्रेताला खांदा द्यावा. आईच्या बांगड्या फोडू नका, तिचे कुंकू पुसू नका, आणि शेतात-घरात तिचा हिस्सा तिच्या नावावर राहू द्या. जेवणाच्या पैशातून शाळेला पुस्तके द्या.

आणि एक झाड लावा. लिंब लावा, चिंच लावा, जागा असेल तर विहारापुढे पिंपळ लावा. आपल्या कोरडवाहू तालुक्यात नुसते लावून भागत नाही, दोन-तीन उन्हाळे त्याला जगवावे लागते. जुनी माणसे एक युक्ती करीत. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडायचे, त्यात चिंधीची वात घालायची आणि ते रोपाशेजारी गळ्यापर्यंत पुरायचे. भरून ठेवले की थेंबाथेंबाने मुळाला पाणी मिळते. चितेभोवती मडक्याला भोक पाडून ते फोडतात. तेच भोकाचे मडके रोपाजवळ ठेवले तर झाड जगते. मडके फोडणे एका क्षणात होते. मडके भरायला मात्र चैत्र-वैशाखात दर दोन-तीन दिवसांनी कोणाला तरी घागर घेऊन जावे लागते. आई जाईल, नातू जाईल, आणि प्रत्येक खेपेला त्या माणसाची आठवण निघेल.

आईने विचारले, "त्यांचा जीव घुटमळला तर?" तर तिला हात धरून त्या रोपापाशी न्यावे आणि म्हणावे, "आई, घुटमळणारे काही नाही. त्यांनी आम्हाला पाणी धरायला शिकविले, ते मात्र आमच्यात आहे. तू घागर घे, मी मडके भरतो."

नमो बुद्धाय! जय भीम!