रंगपटाच्या दाराशी

प्रयोग संपला की दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातली बहुतेक माणसं लोकल गाठायला निघतात. थोडी मात्र उलटी, रंगमंचाकडे वळतात. "आत भेटून येऊ," म्हणत. मराठी नाटकाने चाहत्याला दिलेली ही मोठी मुभा आहे. आत्ता डोळ्यांदेखत कोसळलेला माणूस आरशासमोर बसून कापसाने रंग पुसत असतो, आणि आपण त्याच्याशी बोलू शकतो.

बोलतो काय? "छान झालं काम." मग सेल्फी. फार तर घरचं, मुलांचं, पुढच्या मालिकेचं.

एकदा मी एका ज्येष्ठ नटाला विचारलं, "मागच्या वेळी हा प्रवेश तुम्ही खुर्चीमागे उभं राहून केला होतात, आज बसून का?" त्यांचा हात थांबला. म्हणाले, "इथे जागा कमी. उभा राहिलो तर माझी सावली सोबतच्या नटीच्या तोंडावर पडते. वाक्य तिचं आहे, चेहरा तिचा दिसायला हवा." अर्धा रंग तसाच ठेवून ते पुढची वीस मिनिटं बोलत होते. त्या रात्रीपासून मी नाटक वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागलो.

चाहतेपणाला मी कमी लेखत नाही. काशिनाथ घाणेकरांच्या नुसत्या प्रवेशाला टाळ्या-शिट्ट्या पडत; जाहिरातीत सगळ्यांची नावं झाल्यावर 'आणि' लिहून त्यांचं नाव येई, आणि त्या एका शब्दावर गर्दी लोटे. त्याआधी स्त्रीभूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची नेसण आणि केशरचना घरंदाज बायकांनी उचलली होती. प्रेक्षकाला मायबाप म्हणणाऱ्या नटावर महाराष्ट्राने वेड्यासारखं प्रेम केलं.

पण त्या प्रेमाने जपलं काय? 12 मार्च 1911 रोजी 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली, तरी ते नायिका भामिनी होऊन उभे राहिले. ही गोष्ट घराघरांत सांगितली जाते. 'मानापमान'च्या चाली गोविंदराव टेंबे यांच्या, किंवा बालगंधर्वांचा गळा भास्करबुवा बखले यांच्या तालमीत घडला, हे मात्र थोड्यांना ठाऊक असतं. नटाचं दुःख आपण पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं आणि त्याची विद्या जाणकारांवर सोडून दिली. मला हे नुकसान वाटतं. दुःख कुणाच्याही घरी येतं. तो गळा एकाचाच होता.

श्रीराम लागूंनी आत्मचरित्राला 'लमाण' हे नाव दिलं. इकडचा माल तिकडे पोचवणारा, एवढंच नटाचं काम, असं ते मानत. हे म्हणणाऱ्या माणसानेच 'नटसम्राट' नाटकातला बेलवलकर उभा केला होता. मग नटाला भेटायला गेलेल्याने त्या मालाबद्दल विचारावं, हेच रास्त.

आज नाटक-सिनेमा येण्याआधीच कलाकारांच्या मुलाखती मोबाइलवर येऊन थडकतात. सेटवरच्या गमती, भांडणं, प्रेमं, सगळं असतं, आणि पुष्कळदा तेही जाहिरातीसाठी बसवलेलंच असतं. पडद्यामागचं म्हणून आपल्याला आणखी एक पडदाच दाखवला जातो. रंगपटातल्या त्या थकलेल्या, घामेजल्या माणसाला मात्र त्या वेळी विकायचं काही नसतं.

म्हणून पुढच्या वेळी नाटकाला गेलात तर आत जरूर जा. फोन खिशात राहू द्या. नटाला त्याच्या कामातली एक तरी नेमकी गोष्ट विचारा. आणि परतताना प्रकाशयोजना सांभाळणाऱ्याला, कपडेपटातल्या माणसालाही भेटा. त्यांच्याकडे फारसं कुणी जात नाही.