भिंत कोणासाठी रंगवायची?



स्मरणिकेसाठी लेख हवा, असा समितीचा निरोप आला तेव्हा "डॉक्टर, मधुमेहावर लिहा" अशी सूचनाही सोबत होती. मधुमेहावर माझे दोनदा लिहून झाले आहे आणि महाप्रसादाची रांग पाहता त्याचा कोणावर फारसा परिणाम झालेला दिसत नाही. म्हणून यंदा थोडा वेगळा विषय घेते. आपल्यापैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत एडमंटनच्या दक्षिण भागात नवीन घरे बांधून घेतली. "घर पाहावे बांधून" असे आपल्याकडे म्हणतात, पण घर बांधून झाल्यावर ते सजवताना जो प्रश्न पडतो त्याबद्दल म्हण नाही. प्रश्न असा की, ही सजावट आपण नक्की कोणासाठी करतो? आणि तिच्यावर किती खर्च करणे योग्य?

आम्ही मे २००२ मध्ये इथे आलो. माझी डॉक्टरकीची पदवी सेवाग्रामची. इथल्या परीक्षा, प्रशिक्षण आणि परवाना यांत बरीच वर्षे गेली. आठ वर्षे आम्ही भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहिलो. तिथे भिंतीला एक खिळासुद्धा ठोकला नाही. अनामत रक्कम कापली जाईल ही भीती होतीच, पण खरे कारण वेगळे होते. "पाच वर्षांनी परत जायचेच आहे" असे आम्ही दर पाच वर्षांनी म्हणत होतो. आजी-आजोबांचा फोटो सूटकेसमध्येच राहिला. मुलगी शाळेतून चित्र काढून आणायची, ते चिकटपट्टीने फ्रिजवर लागायचे आणि पुढच्या चित्रासाठी काढले जायचे. एकदा ती म्हणाली, "आई, हे आपलं घर नाही का?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. आज वाटते, तिचा प्रश्न अगदी बरोबर होता. ज्या घरात आपण खिळा ठोकायला तयार नसतो, त्या घरात आपण राहत नसतो, मुक्काम करत असतो. म्हणून घर सजवणे म्हणजे निव्वळ चैन, असे मला वाटत नाही. "आम्ही इथे आहोत" असे मुलांना सांगण्याची ती एक पद्धत आहे.

मग नंतरच्या लहानशा जुन्या घरातून आम्ही २०२२ च्या मे महिन्यात नवीन बांधलेल्या घरात आलो. डॉक्टरांना पैशाची काय कमी, असा एक समज आहे. परवाना उशिरा मिळालेला, दोन मुले विद्यापीठात, आणि त्याच वर्षी व्याजदर चढू लागलेले. बँक ऑफ कॅनडाचा दर वर्षाच्या सुरुवातीला पाव टक्का होता, तो डिसेंबरपर्यंत सव्वाचार टक्क्यांवर गेला. आमच्याकडे पडदे, दिवे, फर्निचर सगळे धरून १२,००० डॉलर होते. माझ्या यजमानांनी वहीत रकाने आखले. पण बिल्डरचे सजवलेले नमुना-घर पाहून आलेल्या डोळ्यांना वहीतले रकाने दिसत नाहीत. जेवणाच्या टेबलावर टांगायचे झुंबर मी १,८०० डॉलरना घेतले. का घेतले? मैत्रिणीकडे तसे होते म्हणून. दुसरे प्रामाणिक कारण मला आजही सापडत नाही.

त्याच मे महिन्यात वर्ध्याहून भावाचा फोन आला होता. आईच्या जुन्या घराचे कवेलू बदलायला झाले होते, काही वासेही गेले होते. पावसाळ्याआधी काम केले तर नव्वद हजार रुपये, म्हणजे आपले साधारण १,५०० डॉलर लागतील, आणि निम्मे तू दिलेस तर बरे, असे तो म्हणाला. मी म्हटले, "अरे, नव्या घराचं उरकू दे, दिवाळीनंतर बघू." तो म्हणाला, "ठीक आहे ताई." त्याने पुन्हा विषय काढला नाही.

ऑगस्टमध्ये वास्तुशांत झाली. रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडच्या सकाळी, मी आईला व्हिडिओवर सगळे घर फिरवून दाखवले. झुंबराखाली उभी राहिले. आई म्हणाली, "छान आहे गं. पण एवढं पुसणार कोण?" आम्ही सगळे हसलो. हसणे थांबले तेव्हा फोनमधून टप टप असा आवाज ऐकू आला. भावाने घाईने फोन फिरवला, पण तेवढ्यात मला बादली दिसली, आणि आईची खाट आतल्या खोलीतून समोरच्या खोलीत आणलेली दिसली. "पाऊस आहे ना, होतंच," आई म्हणाली आणि देवघर पुन्हा एकदा दाखव म्हणाली.

मी दुसऱ्याच दिवशी पैसे पाठवले, निम्मे नव्हे, सगळे. पण भर पावसात छप्पर उघडता येत नाही. काम दिवाळीनंतरच झाले. माझ्या तोंडून जे निघाले होते तेच झाले. तोवर एक्याऐंशी वर्षांची आई त्या बादलीशेजारून ये-जा करत राहिली. उशिरा दिलेले पैसे तेवढेच असतात, पण त्यांनी होणारे काम तेवढेच राहत नाही. रुग्णाला औषध उशिरा दिले तर काय होते ते डॉक्टरला सांगावे लागत नाही. तरीही मला ते बादली दिसल्यावर कळले.

त्या रात्रीपासून मी या प्रश्नाचा विचार करते आहे. याला दोन सोपी उत्तरे आहेत. पहिले उत्तर म्हणजे, सजावट हाच मोह आहे. साधे राहावे, चार भिंती आणि छप्पर पुरे. दुसरे म्हणजे, कष्टाचा पैसा आहे, कोणाचे लुबाडलेले नाही, मग हौस केली तर बिघडले कुठे?

पहिल्या उत्तराबद्दल मला सेवाग्राम आठवते. आमच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला की सुरुवातीचे पंधरा दिवस गांधीजींच्या आश्रमात शिबिर असे. पहाटेची प्रार्थना, सफाई, सूतकताई. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला आले. आज जिला आपण बापू कुटी म्हणतो ती मुळात मीराबेनची झोपडी. माती, बांबू, कवेलू, सगळे आसपासचे. त्याहून साधे घर कोणाला दाखवता येणार नाही. अठरा वर्षांची असताना मी तिथल्या भिंतीकडे पाहिले आणि चकित झाले, कारण त्या मातीच्या भिंतीवर मीराबेनने ताडाची झाडे उठावात काढलेली आहेत! ज्या माणसाने आयुष्यभर अपरिग्रह सांगितला त्याच्या खोलीतही कोणीतरी भिंत सजवली होती, आणि ती कोणी लिंपून सपाट केली नाही. तेव्हा साधेपणा म्हणजे सजावटीचा अभाव, हे काही खरे नव्हे. ती झाडे त्याच मातीची होती, हाताने केलेली होती आणि कोणाला दाखवण्यासाठी नव्हती.

आपल्याकडचीच दुसरी परंपरा पाहा. पालघर भागातल्या वारली समाजात लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात. जिव्या सोमा म्हशे यांनी ही कला कागदावर आणि कापडावर आणून जगभर नेली. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. पण मुळात ते चित्र त्या लग्नासाठी, त्या भिंतीसाठी. आपली दारातली रांगोळीही तशीच. सकाळी काढायची, संध्याकाळी पुसली गेली तर दुःख नाही. म्हणजे आपल्या आजी-पणज्या गरिबीतही सजावट करत होत्या. फक्त ती विकत आणत नव्हत्या.

दुसरे उत्तर, "कष्टाचा पैसा आहे", हे मला अधिक अवघड वाटते, कारण ते निम्मे खरे आहे. गृहस्थाश्रमात हौस हा दोष नाही. पण हौस आणि दिखावा यांच्यात फरक आहे आणि तो वस्तूच्या किमतीत नसतो. पाचशे डॉलरची सतार हौस असू शकते आणि पन्नास डॉलरची फुलदाणी दिखावा. मी स्वतःसाठी एक कसोटी ठरवली आहे. घरी कोणीच पाहुणा येणार नाही असे समजले, तरी ही वस्तू मला हवी आहे का? आणि ती घेताना "नंतर बघू" असे मी कोणाला म्हणते आहे का? झुंबर या दोन्ही कसोट्यांवर नापास झाले.

"आपले घर" या शब्दांत आणखी एक खोच आहे. वास्तुशांतीत आपण भूमीची आणि तिथे आधी असलेल्या जीवांची क्षमा मागतो. गुरुजी मंत्र म्हणतात, आपण अक्षता टाकतो आणि जेवणाची तयारी झाली का ते पाहतो. आपल्यापैकी अनेकांची घरे ज्या मिलवुड्समध्ये आहेत ती जमीन पापसचेस या क्री लोकांच्या राखीव क्षेत्रात होती. १८७७ मध्ये त्यांचे प्रमुख करार क्रमांक ६ मध्ये सामील झाले, १८८० मध्ये जमीन मोजली गेली आणि १८८८ मध्ये मोजक्याच माणसांच्या संमतीवर ती सरकारकडे गेली. त्यांच्या वंशजांचा दावा २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुदत उलटल्याच्या कारणावरून फेटाळला. आपण घर सोडावे असे मी म्हणत नाही. पण क्षमा कोणाची मागतो हे माहीत असले तर अक्षता टाकताना हात जरा थांबतो, आणि "माझी भिंत" म्हणताना आवाजही थोडा उतरतो.

आता व्यवहाराचे बोलू, कारण नवीन घर घेणारी तरुण मंडळी हेच विचारतात. पहिली गोष्ट, जे दिसत नाही त्यावर आधी खर्च करा. धुराची आणि कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारी यंत्रे तपासा. जमिनीतून घरात येणारा रेडॉन वायू मोजा. धूम्रपान न करणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे ते पहिल्या क्रमांकाचे कारण आहे. हिवाळ्यात निदान तीन महिने मापक तळघरात ठेवायचा. आकडा एका घनमीटरला २०० बेकरेलच्या वर गेला तर उपाय करायचा. भिंतीवरच्या घड्याळापेक्षा हे मापक फार महाग नसते, पण ते पाहून "वा!" म्हणणारा कोणी नसतो.

दुसरी गोष्ट, एक हिवाळा थांबा. नव्या घराचे लाकूड पहिल्या थंडीत, भट्टी चालू झाली की वाळते आणि आकसते. भिंतीत बारीक भेगा पडतात, खिळ्यांची डोकी वर येतात. म्हणून महाग रंग आणि वॉलपेपर पहिल्या वर्षी लावू नये. अल्बर्टात २०१४ पासून नव्या घराला कायद्यानेच हमी असते. कारागिरी आणि साहित्याची हमी एक वर्षाची असते, तेव्हा भेगांची यादी आधी बिल्डरला द्या. घर स्थिरावायला एक वर्ष लागते आणि आपली हौस स्थिरावायलाही तेवढेच. पहिल्या महिन्यात "हवेच" वाटलेल्या वस्तूंपैकी निम्म्या आमच्या वहीतून त्या हिवाळ्यात आपोआप खोडल्या गेल्या. राहिलेल्यांपैकी पुस्तकांचे कपाट आम्ही हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या रीस्टोअरमधून जुने आणले आणि मुलाने घासून रंगवले.

तिसरी गोष्ट आमच्या वहीतली. सजावटीच्या पानावर आता आणखी एक रकाना आहे. त्याला नाव नाही, नुसते "तिकडे" असे लिहिले आहे. कधी तिथे आईच्या दाराला लावायची जाळी असते, कधी इथे नव्याने आलेल्या एखाद्या कुटुंबासाठी गादी. तो रकाना आधी भरायचा, मग पडद्यांचा. कोणी म्हणेल, हे मनाचे समाधान झाले. असेलही. पण त्या रकान्यामुळे "नंतर बघू" म्हणणे अवघड झाले आहे, एवढे मात्र खरे.

आजी-आजोबांचा फोटो आता समोरच्या भिंतीवर आहे. त्याचा खिळा मुलीने ठोकला, थोडा तिरका, आणि आम्ही तो तसाच ठेवला. झुंबरही आहे. बसवल्यावर ते परत घेत नाहीत. दर महिन्याला स्टुलावर चढून ते मीच पुसते. आईच्या प्रश्नाचे मला सापडलेले उत्तर तेवढेच.

या आठवड्यात आपण सगळे पुठ्ठे, रंगीत कागद आणि फुले घेऊन बाप्पाचे मखर करायला बसू. वर्षातली सगळ्यात सुंदर सजावट आपण पाहुण्यासाठी करतो, मोजक्या पैशांत करतो, मुलांसोबत करतो, आणि विसर्जनानंतर ती स्वतःच्या हाताने उतरवतो. उतरवताना कोणी "पैसे वाया गेले" म्हणत नाही. घराच्या बाकीच्या भिंतींकडेही त्याच मनाने पाहता येईल का, हे मी अजून शिकते आहे. आपल्याला काय वाटते ते मंदिरात भेटल्यावर जरूर सांगा. मधुमेहाचे पुढच्या वर्षी पाहू.

गणपती बाप्पा मोरया!