दृष्टांत ऐकला, पुढे काय?

कीर्तनातला दृष्टांत आपण घरी जाऊन जसाच्या तसा सांगतो. पण संसारात तो लावायची वेळ आली की आठवतच नाही. हे केवळ आपलेच नव्हे. १९८० साली अमेरिकेत गिक व होलिओक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक गोष्ट वाचायला दिली. किल्ल्याच्या सर्व वाटांवर सुरुंग पेरलेले. मोठी फौज गेली की उडायचीच. सेनापतीने लहान तुकड्या केल्या, त्या सगळ्या वाटांनी एकदम किल्ल्यावर नेल्या. मग विचारले : पोटातली गाठ किरणांनी जाळायची, पण जोराचा किरण वाटेतले निरोगी मांसही जाळतो, काय करावे? चहूबाजूंनी मंद किरण गाठीवर एकवटावेत, हे शंभरांत सुमारे ३० जणांनाच सुचले. ‘मघाची गोष्ट कामी येईल’ एवढे म्हणताच बहुतेकांना सुचले. गोष्ट डोक्यात होतीच की हो!

तेव्हा एका विषयातले शिकणे दुसऱ्यात आपोआप उतरते, हे आम्हांस पटत नाही. १९८३ साली त्याच दोघांनी सारख्या मर्माच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून ‘यांत सारखे काय?’ असे पुसले, तेव्हा अधिक जणांना वाट सापडली. मास्तरांनी हेच पुसावे. आणि मास्तरांना काय सांगावे? आम्हीही दृष्टांत संपताच टाळ वाजवून पुढे जातो, श्रोत्यांना कधी काही पुसतच नाही.